फाल्कन ९ ची प्रतिकृती : पाय कच्चे, पुस्तिका ढिसाळ, तरीही घेण्यासारखी

आठवीतल्या भाच्यासाठी नागपूरच्या बर्डीवरील एका दुकानातून स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ या रॉकेटची सुट्या भागांतून जोडायची प्रतिकृती १,८५० रुपयांना घेतली. मूळ रॉकेट ७० मीटर उंच आणि प्रमाण १:१००, त्यामुळे ती ७० सेंटिमीटर भरते व आमच्या शोकेसच्या कुठल्याही कप्प्यात मावत नाही.

खालचा म्हणजे पहिला टप्पा, जो उड्डाणानंतर परत येऊन उतरतो, उत्तम जमला आहे. नऊ इंजिने, आठ कडेने आणि एक मध्यभागी, एकेक करून बसवावी लागतात. जमिनीवर टेकताना त्यांपैकी मधले एकच पेटलेले असते, हे भाच्याला ते चिमटीत धरूनच सांगता आले. उतरण्याचे चार पाय मात्र बारीक खुंट्यांवर तोललेले असून दुसऱ्याच दिवशी एक मोडला. दुकानदार बदलून देतो म्हणाले, त्याला तीन आठवडे झाले. शेवटी आम्ही तो चिकटवला आणि आता तो मिटतच नाही.

खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. ‘संपूर्ण रॉकेट परत येते’ असे तीत छापले आहे, ते चूक आहे. परत येतो तो पहिला टप्पा. दुसरा दर खेपेस नव्याने बांधावा लागतो. इंधनाचा खर्च एकूण खर्चात किरकोळ असतो, पैसा जातो तो इंजिनांत आणि बांधणीत, म्हणून नऊ इंजिने शाबूत परत मिळणे हीच मुख्य बचत. मात्र रामटेकला सोडणारा टॅक्सीवाला परतीचे पेट्रोलही आपल्याच भाड्यात धरतो, तसे येथेही परतीचे इंधन राखून ठेवावे लागते आणि पृथ्वीजवळच्या निम्न कक्षेत २२.८ टन नेऊ शकणारे रॉकेट सुमारे १७ टनांवर येते. डिसेंबर २०१५ मध्ये पहिला टप्पा सुखरूप उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, एवढे पुस्तिकेत बरोबर आहे. पण ‘त्यामुळे उड्डाण स्वस्त झाले’ हे वाक्य अर्धवट आहे. कंपनीचा स्वतःचा खर्च उतरला, ग्राहकाला सांगितला जाणारा दर मात्र ६.२ कोटी डॉलरवरून २०२२ मध्ये ६.७ कोटींवर गेला. स्पेस शटल हे अमेरिकेचे जुने अवकाशयानही परत येत असे, परंतु प्रत्येक फेरीनंतरच्या तपासणी-दुरुस्तीतच बचत संपून जाई. त्याचा तर उल्लेखही नाही.

घ्यायचीच असल्यास दुकानातच डबा उघडून चारही खुंट्या पाहाव्यात आणि पुस्तिका मुलाच्या हाती देण्यापूर्वी तीवर पेन्सिल चालवावी.