स्लॅकमधून एसएमएस पाठवणे आणि त्यांची उत्तरे मिळवणे : एका द्राक्ष उत्पादक कंपनीच्या कार्यालयातून परीक्षण

निफाड तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सभासदांना जाणारा आणि त्यांच्याकडून येणारा प्रत्येक एसएमएस आता स्लॅक या चॅट ॲपमधून ये-जा करतो. काढणीचा एक संपूर्ण हंगाम ही व्यवस्था वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. एकाच वेळी अनेकांना एसएमएस पाठवण्याची सोय बाजारात पूर्वीपासून होती आणि त्यासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नव्हती. या जोडणीचे खरे मोल आहे ते सभासदाने दिलेले उत्तर संबंधित सर्वांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी येण्यात.

व्हॉट्सॲप असताना एसएमएस कशाला, हा प्रश्न आम्हालाही अनेकांनी विचारला. आमच्या सभासदांपैकी बऱ्याच ज्येष्ठांकडे आजही कीपॅडचा साधा फोन आहे. घरातला स्मार्टफोन मुलाकडे असतो आणि मुलगा नाशिकला नोकरीला असतो, त्यामुळे बागेत कोण आहे आणि निरोप कोणाला मिळाला याचा मेळ बसत नाही. शिवाय बागेत इंटरनेटचा भरवसा नसतो. एसएमएस अशा ठिकाणीही पोहोचतो आणि फोन बंद असला, तर चालू झाल्यावर येतो. पूर्वी हे काम कार्यालयातील एका मोबाइलवरून चाले. तो मोबाइल ज्यांच्याकडे असे ते पर्यवेक्षक शिवारात गेले की आलेली उत्तरे त्यांच्या खिशातच राहत, आणि पॅकहाऊसमधील माणसे गाडी पाठवायची की थांबवायची यासाठी त्यांना फोन करत बसत.

स्लॅक स्वतः बाहेरच्या माणसाला एसएमएस पाठवत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. या व्यवस्थेचे तीन भाग आहेत: कार्यालयात सर्वजण वापरतात ते स्लॅक, मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यापर्यंत संदेश नेणारा एसएमएस गेटवे आणि या दोघांच्या मध्ये बसणारा छोटा प्रोग्राम. स्लॅकमध्ये कोणी ठरलेल्या पद्धतीने संदेश लिहिला की प्रोग्राम तो उचलतो, सभासदांच्या यादीतून क्रमांक काढतो आणि गेटवेकडे सोपवतो. उलट बाजूने सभासदाचे उत्तर गेटवेकडे येते, गेटवे ते प्रोग्रामला देतो आणि प्रोग्राम ते मूळ संदेशाच्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्या संदेशाखालच्या उत्तरांच्या साखळीत, सभासदाच्या नावासह आणि गट क्रमांकासह टाकतो. स्लॅकच्या ॲप-यादीत एसएमएसच्या तयार जोडण्या मिळतात, पण आम्ही तपासलेल्या जोडण्यांची मांडणी अमेरिका आणि कॅनडातील क्रमांकांसाठी होती. भारतातील नियमांना धरून काम करायचे असल्यामुळे मधला प्रोग्राम आम्ही स्थानिक तंत्रज्ञाकडून लिहून घेतला.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. संध्याकाळी पॅकहाऊसमधून दुसऱ्या दिवसाच्या काढणीचा क्रम ठरतो आणि त्या बागायतदारांना संदेश जातो: "उद्या सकाळी ७ वाजता काढणी. गाडी पोहोचेल. होकार असल्यास १ पाठवा." काही मिनिटांत थ्रेडमध्ये उत्तरे उतरू लागतात. कोणी खरोखरच १ पाठवतो, पण बहुतेक जण आपल्या मनाप्रमाणे लिहितात. रोमन लिपीत 'चालेल', 'या', 'उद्या नको परवा या, मजूर नाहीत' अशी उत्तरे येतात. एखाद्या यंत्राने केवळ १ हा अंक शोधला असता, तर यातील निम्मी उत्तरे वाया गेली असती. येथे ती माणसे वाचतात. गाड्यांचे नियोजन करणारे वाचतात आणि मजूर नसलेल्या बागेची गाडी दुसरीकडे वळवतात. क्रेट मोजणारे वाचतात आणि पुढची मांडणी करतात.

या हंगामात एका सभासदाने अशाच संदेशाला उत्तर दिले की काल संध्याकाळी भुरी या रोगासाठी फवारणी झाली आहे. त्यांनी काढणीला नकार दिला नव्हता, केवळ माहिती म्हणून कळवले होते. पूर्वीच्या पद्धतीत हे उत्तर मोबाइल बाळगणाऱ्या पर्यवेक्षकांनी वाचले असते आणि कदाचित होकार समजून पुढे गेले असते. या वेळी ते थ्रेडमध्ये आले, आमच्या कृषी सल्लागार ताईंनी वाचले आणि वापरलेल्या औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला नाही हे लगेच लिहिले. त्या बागेची काढणी पुढे ढकलली गेली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले, तर संपूर्ण कंटेनर अडचणीत येऊ शकतो, आणि अपेडा या कृषी निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीमुळे माल कोणत्या बागेतला आहे हे मागे शोधता येते. ज्या निरोपाचे वजन पाठवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, तो योग्य माणसाच्या नजरेस पडला, एवढ्यासाठीसुद्धा मी ही व्यवस्था पुन्हा उभी करेन.

मराठीत संदेश पाठवणाऱ्यांनी लांबीचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट माहिती मावते. रोमन लिपीतील साधा मजकूर असेल, तर त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोड वापरावे लागत असल्याने ही संख्या ७० वर येते. या मोजणीत काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सर्व स्वतंत्र धरले जातात. 'द्राक्षे' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण एसएमएसच्या हिशेबात तो ८ वर्णांचा आहे. वर दिलेला काढणीचा संदेश ६३ वर्णांचा भरतो. त्याच्या शेवटी कंपनीचे नाव जोडले की तो ७० च्या पुढे जातो आणि त्याचे दोन भाग होतात. भाग पाडल्यावर जोडणीच्या खुणेसाठी काही बाइट खर्च होतात, म्हणून प्रत्येक भागात ६७ वर्णच मावतात. गेटवे दर भागावर आकारतो, त्यामुळे दोन शब्द वाढले की खर्च दुप्पट होतो. इंग्रजी संदेशातही एखादे रुपयाचे चिन्ह किंवा फोनने आपोआप वळवलेले अवतरणचिन्ह शिरले, तर पूर्ण संदेश युनिकोड होतो आणि १६० ची मर्यादा ७० वर घसरते. आमच्या प्रोग्राममध्ये पाठवण्यापूर्वी वर्णसंख्या आणि भाग दाखवण्याची सोय करून घेतली आहे, आणि ही सोय नसलेली कोणतीही जोडणी मराठी कार्यालयाने स्वीकारू नये असे माझे ठाम मत आहे. खर्च वाचवण्यासाठी रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा सल्ला आम्हाला मिळाला होता. आम्ही तो मानला नाही, कारण ज्यांच्यासाठी हे सर्व चालले आहे त्यांना देवनागरी सहज वाचता येते.

भारतातील नियमांचा भाग हा या व्यवस्थेतील सर्वांत कष्टाचा टप्पा आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला डीएलटी मंचावर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-प्रणालीवर, नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याची ओळख म्हणून हेडर मंजूर करून घ्यावे लागते आणि प्रत्येक मजकुराचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, आधी नोंदवावा लागतो. जाणारा संदेश नोंदवलेल्या नमुन्याशी जुळला नाही, तर तो वाटेतच अडतो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी प्रथम सक्तीने सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले होते आणि ट्रायला ती काही दिवस स्थगित करावी लागली होती. २०२४ पासून संदेशातील दुवेही आधी नोंदवावे लागतात. फसव्या संदेशांचा सुळसुळाट पाहता या नियमांमागचा हेतू मला पटतो, परंतु चॅट ॲपमधून एसएमएस पाठवण्याच्या कल्पनेला त्याने मोठी मर्यादा येते. स्लॅकमध्ये आपण मनात येईल ते लिहितो. एसएमएस मात्र ठरलेल्या साच्यातूनच जातो आणि बदलत्या मजकुरासाठी ठेवलेल्या जागेत, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ठरावीकच वर्ण मावतात. अचानक गारपिटीचा इशारा आला आणि त्यासाठीचा नमुना मंजूर नसेल, तर तो संदेश त्या दिवशी जाणार नाही. म्हणून हवामान, फवारणी, काढणी, पैसे जमा होणे आणि सभेची सूचना यांचे नमुने हंगामाच्या कितीतरी आधी मंजूर करून घ्यावेत. आमचे काही मराठी नमुने कारण न कळवता परत आले आणि मजकुरात कंपनीचे नाव स्पष्ट घातल्यावर मंजूर झाले.

दुसरी अडचण उत्तरांची. सहा अक्षरी हेडरवरून आलेल्या संदेशाला उत्तर देताच येत नाही. त्यासाठी गेटवेकडून दहा अंकी स्वतंत्र क्रमांक, म्हणजे लाँग कोड, भाड्याने घ्यावा लागतो आणि तो संदेशातच छापावा लागतो, म्हणजे पुन्हा वर्ण खर्च होतात. ज्येष्ठ सभासदांची पहिली प्रवृत्ती त्या क्रमांकावर फोन लावण्याची असते आणि तेथे कोणी उचलत नाही. आम्ही गावोगावच्या बैठकांत तो क्रमांक 'काढणीचा नंबर' म्हणून फोनमध्ये साठवून दिला, तेव्हा छापील क्रमांकाची गरज कमी झाली आणि उत्तरेही वाढली. गेटवे निवडताना येणाऱ्या संदेशांची सोय आहे का, हे बहुतेक लोक विचारतच नाहीत. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

तांत्रिक बाजूने एक गोष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्याला आवर्जून सांगावी. स्लॅकने प्रोग्रामकडे धाडलेल्या घटनेची, म्हणजे कोणी काही लिहिल्याच्या सूचनेची, पोच ३ सेकंदांत मिळाली नाही, तर स्लॅक तीच घटना पुन्हा, जास्तीत जास्त तीन वेळा, धाडतो. गेटवे हळू असेल आणि प्रोग्राम त्याच्या उत्तराची वाट पाहत बसला, तर एकच एसएमएस सभासदाला दोनदा-तीनदा जाऊ शकतो. पोच आधी देऊन काम मागाहून करणे आणि प्रत्येक घटनेचा ओळख क्रमांक लक्षात ठेवणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. आमच्या जोडणीत तो पहिल्यापासून आहे आणि संपूर्ण हंगामात दुहेरी संदेशाची तक्रार आली नाही.

पोहोच-अहवालाबाबत मी समाधानी नाही. 'पोहोचला' असा अहवाल आला, तर संदेश फोनपर्यंत गेला एवढेच कळते; तो वाचला की नाही हे कळत नाही. गर्दीच्या वेळी आमच्या गेटवेचे अहवाल उशिरा येत आणि विचारणा केली की ठराविक मजकुराचे उत्तर मिळे. काढणीच्या बाबतीत म्हणूनच आम्ही अहवालावर विसंबत नाही. रात्री ८ पर्यंत उत्तर न आलेल्या सभासदांची यादी प्रोग्राम थ्रेडमध्ये टाकतो आणि कार्यालयातील भाऊ त्यांना फोन करतात.

स्लॅकविषयी बोलायचे, तर ते स्थिर आहे, फोनवर आणि संगणकावर सारखेच चालते आणि थ्रेडची त्याची मांडणी या कामाला अतिशय अनुकूल आहे. त्याचा चेहरामोहरा मात्र मराठीत नाही, आणि पॅकहाऊसमधील काही सहकाऱ्यांना सवय होईपर्यंत शेजारी बसून शिकवावे लागले. मोफत योजनेत फक्त ९० दिवसांचे संदेश दिसतात आणि १० ॲपच जोडता येतात. एका वर्षापेक्षा जुने संदेश २०२४ पासून कायमचे काढून टाकले जातात. द्राक्षाचा व्यवहार ऑक्टोबर छाटणीपासून पैसे मिळेपर्यंत ९० दिवसांपेक्षा लांब चालतो आणि वाद उद्भवला, तर कोणी कधी काय कळवले हे दाखवावे लागते. म्हणून एक तर सशुल्क योजना घ्यावी किंवा प्रत्येक संदेशाची नोंद प्रोग्रामने स्वतःच्या कोष्टकात ठेवावी. आम्ही दुसरा मार्ग निवडला. सभासदांचे क्रमांक सर्वांना दिसू नयेत यासाठी चॅनल खासगी ठेवले आहे आणि थ्रेडमध्ये क्रमांकाऐवजी नाव येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता ही काळजी कोणत्याही संस्थेने घ्यायलाच हवी.

ज्यांचे सर्व ग्राहक स्मार्टफोन वापरतात किंवा ज्यांच्या कार्यालयात एकच माणूस उत्तरे पाहतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. दूध संकलन केंद्रे, पाणीवापर संस्था, ग्रामीण रुग्णालये, पतसंस्था अशा ठिकाणी, जेथे साध्या फोनवरून आलेले एक उत्तर तीन-चार माणसांच्या कामाची दिशा बदलते, तेथे मी ही व्यवस्था मनापासून सुचवेन. करार करताना लाँग कोड आणि डीएलटीवरील हेडर ही दोन्ही संस्थेच्याच नावावर असतील, गेटवे पुरवणाऱ्याच्या नव्हे, हे लेखी घ्यावे. गेटवे बदलण्याची वेळ आली, तर सभासदांच्या फोनमध्ये साठवलेला क्रमांक त्यामुळे आपल्याकडे ठेवण्याचा हक्क सांगता येईल.