किंग्जमेडो : एमा हेज यांचे काम जवळून पाहण्याची जागा

लंडनच्या नैऋत्येस किंग्स्टनजवळ नॉरबिटन नावाचे एक लहान स्थानक आहे. मध्य लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून थेट गाडीने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचता येते आणि पुढे घरांच्या रांगांमधून चालत गेले की चेल्सी या फुटबॉल क्लबच्या महिला संघाचे किंग्जमेडो हे मैदान लागते. 5 मे 2024 रोजी मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे गेले. ब्रिस्टल सिटीविरुद्धचा तो सामना प्रशिक्षक एमा हेज यांचा या मैदानावरील शेवटचा सामना होता, आणि खरे सांगायचे तर आम्ही खेळाडूंपेक्षा त्यांनाच पाहायला गेलो होतो.

मैदान लहान आहे. प्रेक्षकसंख्येची मर्यादा पाच हजारांच्याही आत. पूर्वी ते एएफसी विंबल्डनचे होते आणि 2017 पासून चेल्सीच्या मुली तिथे खेळू लागल्या. काही भागात आजही उभे राहूनच सामना पाहावा लागतो. मैदान लहान असण्याला मी उणीव मानत नाही, उलट इथे येण्याचे तेच मुख्य कारण आहे. रेषेच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा आवाज, हातवारे, राखीव खेळाडूला मैदानात पाठवण्यापूर्वी खांद्यावर हात ठेवून सांगितलेले दोन शब्द, हे सारे इतक्या जवळून पाहायला मिळते की दूरचित्रवाणीवर ज्याला आपण नुसता ‘डावपेच’ म्हणतो, ते प्रत्यक्षात कसे घडते हे समजू लागते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहत वाढलेल्या मला ही जवळीक ओळखीची वाटली.

ज्या वाटेने हेज इथवर आल्या, तीही काही मोठ्या मैदानांतून गेलेली नव्हती. सतराव्या वर्षी घोट्याच्या दुखापतीने त्यांचा स्वतःचा खेळ थांबला. लिव्हरपूलमध्ये शिक्षण घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि लाँग आयलंडचा महिला संघ, मग न्यूयॉर्कजवळील आयोना कॉलेजचा संघ, अशा ठिकाणी त्यांनी प्रशिक्षणाचे धडे घेतले. पुढे लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये विक एकर्स यांच्या हाताखाली सहायक असताना 2006–07 च्या हंगामात संघाने युरोपीय करंडकासह चारही स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर अमेरिकेतील शिकागो रेड स्टार्स या संघाची सूत्रे मिळाली खरी, पण 2010 मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. पुढे काही काळ त्यांनी लंडनमध्ये वडिलांच्या परकीय चलन बदलून देण्याच्या व्यवसायात हातभार लावला. ज्यांच्या नावापुढे आज करंडकांची रांग आहे, त्या व्यक्तीने मधली ही वर्षे काढली आहेत, हे मुलीला मी गाडीत मुद्दाम सांगितले.

ऑगस्ट 2012 मध्ये त्या चेल्सीत आल्या तेव्हा संघाच्या खात्यात एकही मोठे विजेतेपद नव्हते आणि घरचे सामने स्टेन्समधील एका छोट्या क्लबच्या मैदानावर होत. 2015 मध्ये वेम्बलीवर प्रथमच झालेला महिलांच्या एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनी जिंकला, त्याच वर्षी लीगही जिंकली. मला त्यांचे सर्वाधिक मोल वाटते ते मात्र 2016 च्या अंतिम सामन्यातील पराभवानंतरच्या कामाचे. खेळाडूंची मासिक पाळी आणि त्यांची मैदानावरील कामगिरी यांचा विचार आजवर कोणी केलाच नाही, हे त्यांनी उघडपणे बोलून दाखवले आणि पुढे पाळीच्या चक्रानुसार सरावाची व आहाराची आखणी सुरू केली. वयात येणाऱ्या मुलीच्या आईला ही गोष्ट किती मोठी वाटते, ते वेगळे सांगायला नको.

त्या दिवशी चेल्सीने 8-0 असा विजय मिळवला; त्यांपैकी चार गोल गुरो रैटेन हिचे होते. चारच दिवस आधी लिव्हरपूलकडून 4-3 असे हरल्यावर लीगचे विजेतेपद हातचे गेले, असे हेज यांनी स्वतःच म्हटले होते. पण आमच्या सामन्याच्याच दिवशी विजेतेपदाच्या शर्यतीतली मँचेस्टर सिटी आर्सेनलकडून हरली आणि एकेका गोलाला किंमत आली. 18 मे रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 6-0 ने हरवून चेल्सीने सिटीइतकेच गुण असताना सलग पाचवे विजेतेपद गोलांच्या फरकावर मिळवले, तेव्हा किंग्जमेडोवरील त्या आठ गोलांचे महत्त्व आम्हाला कळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला अमेरिकेने ब्राझीलला 1-0 ने हरवून ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघाच्या प्रशिक्षक हेजच होत्या.

सोयींबद्दल थोडे. कर्मचारी मुलांशी आपुलकीने वागतात, गर्दीत धक्काबुक्की नसते आणि लेकराबाळांसह आलेली कुटुंबे सर्वत्र दिसतात. आम्ही घरून पोळीभाजी खाऊनच निघालो होतो, त्यामुळे खाद्यपदार्थांविषयी मत देत नाही. चहा गरम आणि कडक होता. जागा कमी असल्याने तिकीट जितके लवकर काढाल तितके बरे, आणि शक्य असल्यास प्रशिक्षकांच्या बाकाजवळची जागा निवडावी. नव्वद मिनिटे माझी मुलगी चेंडूकडे कमी आणि त्या बाकाकडे अधिक पाहत होती, आणि परतताना नॉरबिटनच्या फलाटावर तिने मला विचारले, की प्रशिक्षक व्हायला कितव्या वर्षापासून शिकता येते.