इव्हान्स बॅलन्स: कोबाल्टला भरवशाचा, कॉपर ॲसिटेटपाशी अपुरा

संक्रमण धातूंच्या संयुगांचा मॅग्नेटिक मोमेंट (एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे येणाऱ्या चुंबकत्वाचं माप) काढायला टेबलावर मावणारं उपकरण हवं असेल, तर इव्हान्स बॅलन्स घ्यावा. गोय या जुन्या पद्धतीत चुंबक जागचा हलत नाही, ओढली जाते ती नमुन्याची नळी. इथे नळी स्थिर असते आणि ओढ छोट्या चुंबकांना बसते. म्हणून अवजड चुंबक लागत नाही, थोडी भुकटी पुरते.

खरी परीक्षा कोबाल्टची. हाय-स्पिन (इलेक्ट्रॉन शक्य तितके एकटे राहतात अशा) द्विसंयुजी कोबाल्टमध्ये तीन एकटे इलेक्ट्रॉन. नुसत्या स्पिनचा हिशेब 3.87 बोर मॅग्नेटॉन (मोमेंटचं एकक). अष्टफलकीय संयुगात मात्र आकडा 4.3 ते 5.2 मध्ये येतो. उपकरणावर शंका घेऊ नका. टी-टू-जी (कमी ऊर्जेच्या तीन डी) ऑर्बिटलमध्ये एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी असते, त्यामुळे ऑर्बिटल गतीची भर पडते. हाय-स्पिन मँगनीजमध्ये पाचही ऑर्बिटलमध्ये एकेक इलेक्ट्रॉन, ही भर नाही, आकडा 5.92 च्या आसपासच.

चूक बहुतेकदा नळी भरताना होते. चिमूटचिमूट भुकटी घालून नळीचं बूड हलकेच आपटत राहा, वाचन बदलायचं थांबेपर्यंत. थराची उंची 1.5 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. मध्ये पोकळी राहिली की उंची फुगते आणि उत्तरही. स्टीलचा चमचा टाळा. लोखंडाचा एक कण सगळं बिघडवतो. रिकाम्या नळीचं वाचन बहुधा ऋण असतं: ते -30 आणि भरलेल्या नळीचं 500 असेल, तर फरक 530 धरायचा, 470 नव्हे. पास्कल स्थिरांकांची (जोडीतल्या इलेक्ट्रॉनांच्या उलट चुंबकत्वासाठीच्या ठरावीक आकड्यांची) दुरुस्ती आणि खोलीचं तापमान विसरू नका.

कॅलिब्रेशनसाठी पाऱ्याचं कोबाल्ट थायोसायनेट, 20 अंश सेल्सियसला त्याची ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) 16.44 × 10⁻⁶ सीजीएस प्रति ग्रॅम. विषारी आहे, सीलबंद नळीच घ्या.

मर्यादा कॉपर ॲसिटेटमध्ये उघडी पडते. दर तांब्यामागे एका एकट्या इलेक्ट्रॉनच्या 1.73 ऐवजी सुमारे 1.4 बोर मॅग्नेटॉन मिळतात. दोन तांबे सुमारे 2.6 अँगस्ट्रॉमवर, म्हणजे अगदी जवळ असले, तरी त्यांच्या एकट्या इलेक्ट्रॉनांची ऑर्बिटल ॲसिटेटच्या ऑक्सिजनकडे रोखलेली असतात. त्या पुलावरून स्पिन एकमेकांविरुद्ध जुळतात. बॅलन्स मोमेंटची घट दाखवतो, पण जोडणी किती बळकट ते सांगत नाही. त्यासाठी तापमान उतरवत मोजावं लागतं आणि ती सोय यात नाही. ते काम स्क्विड मॅग्नेटोमीटरचं (अतिवाहकावर चालणाऱ्या अतिसंवेदनशील चुंबकत्वमापकाचं).