३४० की ३२०? कंपाउंड बो घेण्याआधी वेगाचा हिशेब

मुंबईत पहिला कंपाउंड बो, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य, घ्यायला निघालं की शेवटी निवड दोघांत येऊन थांबते. एक आखूड, काळा किंवा झाडपाल्याच्या छापाचा हंटिंग बो, माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ३४० एफपीएस (बाणाचा वेग, फूट प्रति सेकंद). दुसरा लांब, चकचकीत रंगाचा टार्गेट बो, त्याचा आकडा ३२०च्या आसपास. होयट, मॅथ्यूज, पीएसई या कंपन्या दोन्ही प्रकार बनवतात आणि दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक नसतो. मग बाइक घेताना सीसी बघावी तसा आकडा बघितला जातो आणि आखूड बो घरी येतो.

शिकारीचा विषय आधीच बाजूला ठेवू. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ‘जरा हात मोकळा करायला’ बो घेऊन जाण्याचा विचारही नको. तेव्हा इथे हंटिंग बो म्हणजे फक्त एका विशिष्ट घडणीचं यंत्र. प्रश्न एवढाच, की रेंजवर त्या घडणीचा उपयोग किती.

तो ३४० येतो कुठून

जाहिरातीतला आकडा साधारणपणे ७० पौंड ड्रॉ वेट (स्ट्रिंग, म्हणजे दोरी, ओढायला लागणारा जोर), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (ती किती मागे ओढली जाते ते) आणि ३५० ग्रेन (सुमारे २३ ग्रॅम) वजनाचा बाण धरून काढतात. स्ट्रिंगवर पीप (नेम धरायचं भोक) नाही, डी-लूप (रिलीज अडकवायची दोरी) नाही, बाण पौंडाला ५ ग्रेन इतका हलका. आता तुमचा बो बघा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांनी कंपाउंडला ६० पौंडांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे स्पर्धेत ७० पौंड चालतच नाहीत. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास असेल तर ड्रॉ लेंग्थ २८ इंचांच्या जवळपास येते (दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजायचं आणि २.५ने भागायचं, सुरुवातीला एवढं पुरे).

वजावटीचे ढोबळ नियम असे. ड्रॉ लेंग्थ एक इंच कमी झाली की साधारण १० एफपीएस जातात. एका पौंडामागे २. बाणात ३ ग्रेन वाढले की १. पीप, डी-लूप वगैरे स्ट्रिंगवर बांधलेल्या सामानाचे मिळून ५ धरा. २८ इंच, ६० पौंड आणि ४०० ग्रेनचा बाण घेतला तर २०, २०, १७ आणि ५ असे एकूण ६२ वजा होतात. ३४०चा बो २७८वर येतो, ३२०चा २५८वर. तुमच्या हातात खरे आकडे हे आहेत. तरी २५८ म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या वर. हळू कोणीच नाही.

२० एफपीएसमध्ये काय विकत मिळतं

स्पर्धेत कंपाउंडचं मैदानी अंतर ५० मीटर, ठरलेलं. साइट (नेम धरायचं साधन) एकदा त्या अंतराला लावली की बाण वाटेत पावणेदोन मीटर खाली येतो की दोन मीटर, याने गुणांत फरक पडत नाही. वेग कामाला येतो तो अंतर माहीत नसताना. अमेरिकेत शिकारी झाडावरून अंदाजाने बाण सोडतो, अंदाज चुकतो, आणि वेगवान बाण ती चूक थोडी झाकतो. किती झाकतो? लक्ष्य ३२ मीटरवर आहे आणि तुम्ही ३० समजलात, तर २७८चा बाण सुमारे ४.४ सेंटीमीटर खाली लागेल, २५८चा ५.१. फरक ७ मिलिमीटर. ४४ मीटरला ४० समजलात तर १२ विरुद्ध १४ सेंटीमीटर. शिकारीच्या पत्रकांतला जो सगळा गाजावाजा आहे, तो एवढ्यासाठी. (जनावर आवाजाने दचकून हलायच्या आत बाण पोचतो, हा दावाही तसाच. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, बाण ८५. कुठलाच बो त्या शर्यतीत जिंकत नाही.)

आता हेच गणित उलटं करा. ५० मीटरवर एका बाणापासून दुसऱ्या बाणात वेग फक्त १ एफपीएसने बदलला, तर २५८च्या बोवर बाण सुमारे १.५ सेंटीमीटर वर-खाली लागतो, २७८च्या बोवर १.२. ८० सेंटीमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून ४. दोन बाणांच्या वजनात ६ ग्रेनचा फरक असेल तर तिथेच २ एफपीएस आणि ३ सेंटीमीटर गेले. रिलीज करताना स्ट्रिंग अर्धा सेंटीमीटर पुढे सरकू दिली तरी तेवढंच नुकसान. वेगवान बो या चुकीतले काही मिलिमीटर वाचवेल. ती चूक वारंवार करायला लावणारा बो मात्र सेंटीमीटर खाईल. २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही कंपाउंडचे वैयक्तिक विजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० गुण केले. असा स्कोअर प्रत्येक बाण सारखा सुटला तरच होतो.

यंत्रात फरक कुठे आहे

| | हंटिंग बो | टार्गेट बो |
|---|---|---|
| एक्सल ते एक्सल (बोची लांबी) | २८–३३ इंच | ३६–४० इंच |
| ब्रेस हाइट | ६ इंचांच्या आसपास | ७ इंच व वर |
| लेट-ऑफ (पूर्ण ताणात कमी होणारं वजन) | ८०–९० टक्के | ६५–८० टक्के |
| ६० पौंडांवर पूर्ण ताणात हातात उरणारं वजन | ६–१२ पौंड | १२–२१ पौंड |
| तुमच्या हातातला वेग (वरच्या हिशेबाने) | २७८ | २५८ |

सगळ्यात महत्त्वाची ओळ ब्रेस हाइटची. ग्रिपपासून न ओढलेल्या स्ट्रिंगपर्यंतचं हे अंतर. ते जितकं कमी, तितका जास्त वेळ स्ट्रिंग बाणाला ढकलत राहते. २८ इंच ड्रॉला ६ इंच ब्रेस हाइट असेल तर ढकलण्याचा टप्पा साधारण २०.२५ इंच, ७.२५ असेल तर १९. वेग या सव्वा इंचातून बराचसा येतो. पण त्या सव्वा इंचभर बाण अजून स्ट्रिंगवरच असतो, आणि ग्रिपवर तळहात जरा वळला, मनगट सैल पडलं, की ते सगळं बाणापर्यंत पोचतं. नवख्याचे बाण डावीकडे-उजवीकडे पसरतात त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं, आणि तो मात्र साइटचा स्क्रू फिरवत बसतो.

दुसरी गोष्ट कॅमची. वेगासाठी बनवलेला कॅम ओढायला लागताच पूर्ण वजनावर चढतो, शेवटपर्यंत तिथेच राहतो आणि मग धाडकन खाली पडतो. त्याची व्हॅली, म्हणजे वॉलच्या (ओढ जिथे थांबते त्या टोकाच्या) अलीकडची सैल जागा, अगदी अरुंद. जरा ढिले पडलात की बो हात पुढे खेचून नेतो. क्वालिफिकेशनला ७२ बाण मारायचे असतात, त्यात सरावाचे धरा. असा कॅम साठाव्या बाणाला काय करतो ते पहिल्या दहा बाणांत कळत नाही. टार्गेट कॅम हळू चढतो, हळू उतरतो.

लेट-ऑफबाबत लोकांचा उलटा समज असतो. ९० टक्के म्हणजे आराम, हे खरं. पण हातात ६ पौंडच उरले की पाठीने ओढायला काही राहत नाही आणि साइट भुंग्यासारखी फिरते. १५-१८ पौंड हातात असले तर बो आपोआप सरळ राहतो आणि रिलीज स्वच्छ निघते. काही कॅमवर मॉड्यूल किंवा स्टॉपची जागा बदलून लेट-ऑफ कमी करता येतो. घेताना हे विचारून ठेवा.

लांबीचा फायदा दोन ठिकाणी. लांब बो हातात कमी डुलतो. आणि पूर्ण ताणात स्ट्रिंगचा कोन रुंद राहतो, त्यामुळे नाकाचं टोक आणि ओठाचा कोपरा स्ट्रिंगला लागतो, दर वेळी त्याच जागी. ३० इंची बोवर, ड्रॉ लेंग्थ २९ असेल तर, नाक स्ट्रिंगपर्यंत पोचवायला मान पुढे काढावी लागते.

आखूड बो कुणाला शोभतो

थ्री-डी (प्राण्यांच्या पुतळ्यांवरची तिरंदाजी) किंवा अनोळखी अंतराचं फील्ड खेळायचंच असं ठरलं असेल, तर वेगाला अर्थ आहे. दुसरा गट ड्रॉ लेंग्थ २५-२६ इंच आणि ४० पौंडांच्या आतबाहेर ओढणाऱ्या मुलामुलींचा. त्यांच्या हातात संथ बो २१०-२२०च्याही खाली जाऊ शकतो. मग ५० मीटरला साइट इतकी खाली येते की स्कोप (साइटचं भिंग) बाणाच्या वाटेत यायला लागतो. अशा वेळी ३३ इंचांचा, ६.५ ते ७ ब्रेस हाइटचा मधला बो चांगला पडतो, आणि कमी ड्रॉ लेंग्थच्या माणसाला आखूड बोचा नाकाचा त्रासही होत नाही. फक्त १८ मीटर इनडोअर खेळणाऱ्याने वेगाचा विचारही करू नये. तिथे ९.३ मिलिमीटरच्या मर्यादेपर्यंतचे जाड, जड बाण वापरतात, कारण जाड बाण रेषेला आधी टेकतो.

बाकीच्यांसाठी, म्हणजे जिल्हा-राज्य पातळीवर ५० मीटर खेळू पाहणाऱ्या बहुतेकांसाठी, टार्गेट बो. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आल्यापासून पालकांची विचारपूस वाढली आहे. त्यांच्यासाठीही उत्तर हेच.

आखूड बोच्या बाजूने मुंबईचा एक खरा मुद्दा आहे: लोकल. ४० इंची बोची पेटी मीटरभराच्या वर जाते. सकाळी साडेआठच्या विरार फास्टमध्ये ती घेऊन चढणं म्हणजे शिव्या खाणं. ३० इंची बो रॅकवर बसतो. पण स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारे दांडे) सुटे होतात, सराव बहुधा पहाटे किंवा सुट्टीला असतो, आणि बो पाच-सहा वर्षं वापरायचा असतो. पेटीच्या लांबीवरून बो ठरवू नका.

फसायच्या जागा

७० पौंडी लिम्बचा (बोच्या वाकणाऱ्या पात्यांचा) हंटिंग बो ‘बोल्ट सैल केले की ६० होतो’ म्हणून गळ्यात मारला जातो. होतो, पण तळाच्या टप्प्यावर त्याची कार्यक्षमता घटते, ज्या वेगासाठी घेतला तोच जातो, आणि बोल्ट ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सोडले तर लिम्ब खाचेतून निसटतो. ५०-६०चे लिम्ब घ्या. त्यातही बोल्ट पूर्ण आवळल्यावर काही बो ६१-६२ दाखवतात आणि उपकरण तपासणीत अडकतात. तराजूवर ५८ला ठेवा.

वेग वाढवायला हलका बाण लावण्याचा मोह आवरा. पौंडाला ५ ग्रेन ही तळाची रेषा, ६० पौंडांना ३००. त्याखाली बाण ऊर्जा घेऊ शकत नाही, उरलेली ऊर्जा लिम्ब आणि कॅममध्ये फिरते, आणि हा प्रकार रिकामी स्ट्रिंग सोडण्याच्या दिशेने जातो. लिम्ब तडकणं, स्ट्रिंग कॅमवरून उतरणं, एक्सल वाकणं, सगळं यातून होतं. ६०ला ३७० ते ४१० ग्रेन छान. तीव्र कॅम असेल तर बाण एक पायरी ताठ लागतो: सौम्य कॅमला ४०० स्पाइन (ताठपणाचा आकडा, जितका कमी तितका बाण ताठ) चालत असेल तर तिथे ३४०-३५०कडे जावं लागेल. दोन-चार एफपीएससाठी ड्रॉ लेंग्थ अर्धा इंच जास्त ठेवणं ही आणखी एक आवडती चूक; स्ट्रिंग हाताला चाटते आणि कंबर मागे झुकते.

‘रेडी टू शूट’ पॅकेजमधली तीन-पाच पिनची साइट आणि छोटा स्टॅबिलायझर ५० मीटरला उपयोगाचा नाही. स्कोप, लेव्हल आणि लांब रॉडचा खर्च वेगळा होणार, तो किमतीत आधीच मिळवा. ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक) फुकट देत असतील तरी घेऊ नका, रेंजवरचे बट (बाण अडवणारे जाड फलक) त्याने फाटतात.

पावसाळ्यात दोन्ही बो सारखेच छळतात. स्ट्रिंगच्या सर्व्हिंगमध्ये (तिच्यावर गुंडाळलेल्या दोऱ्यात) पाणी धरलं की तिचं वजन वाढतं. ९ ग्रेन पाणी, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, ३ एफपीएस खातं, आणि ५० मीटरला बाण चार-साडेचार सेंटीमीटर खाली बसतो. मेण नियमित लावा, एक्सल आणि बोल्ट पुसून तेलाचा हात फिरवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बो ठेवला तर स्ट्रिंग ताणली जाते, पीप फिरतो आणि दोन कॅमचा मेळ सुटतो. तीव्र कॅमवर हा बिघाड लवकर दिसतो. नवा बो जुळवल्याच्या दिवशी कॅम लिम्बला जिथे छेदतो तिथे चंदेरी पेनाने रेघ मारा, म्हणजे पुढे नुसत्या नजरेने कळेल. स्ट्रिंग बदलायला बो प्रेस लागतो, हाताने ते होत नाही. रेंजवर किंवा दुकानात प्रेस आहे का आणि तो चालवणारा कोण, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि गच्चीवर नाही. ओढताना बो वर करायची सवय असेल आणि रिलीज चुकून सुटली, तर बाण शेजारच्या सोसायटीच्याही पलीकडे, शेकडो मीटर जातो.

घेण्याआधी दोन्ही बो एकाच पौंडाला, शक्य तर ५०ला, लावून घ्या. प्रत्येकी ३० बाण, १८ मीटरवर, साइटकडे दुर्लक्ष करून. शेवटच्या सहा बाणांचा गट मोजा, पहिल्या सहांचा नको. मग पूर्ण ताणात २० सेकंद धरून बघा आणि हळू खाली सोडा. बो हात ओढून नेत असेल तर तो तुमच्यासाठी नाही, माहितीपत्रकावर आकडा काहीही असो. क्रोनोग्राफ असला तर सहा बाणांचा वेग लिहून घ्या आणि सगळ्यात वरच्या व खालच्या आकड्यातला फरक काढा. नीट जुळवलेल्या बोवर तो २-३ एफपीएसच्या आत असतो. ५-६ दिसला तर बाण तोलून बघा, बाण सारखे निघाले तर तुमची ड्रॉ लेंग्थ पुन्हा मोजून घ्या.