हॅन्सर्डचं संकेतस्थळ: भाषणांसाठी उत्तम, कारकीर्द समजायला अपुरं

गोमंतकीय वंशाच्या ब्रिटिश खासदारांवर आपल्याकडे लेख पुष्कळ येतात. मूळ गाव हटकून असतं, सभागृहातल्या कामाबद्दल मात्र ओळसुद्धा नसते. ते काम पाहायचं तर ब्रिटिश संसदेचं हॅन्सर्ड, म्हणजे कामकाजाचा अधिकृत वृत्तांत, संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.

पारखून पाहायला व्हॅलरी वाझ हे नाव सोयीचं. 2010 मध्ये वॉलसॉल साउथमधून मजूर पक्षातर्फे निवडून आल्या आणि 2024 पर्यंत त्यांचा पक्ष विरोधातच होता. शोधताना पहिली अडचण आडनावाची. नुसतं ‘वाझ’ टाकलं की धाकटे भाऊ कीथ वाझही मिसळतात. तेही 1987 ते 2019 खासदार होते. म्हणून आधी सदस्याचं पान उघडावं आणि तिथून ‘स्पोकन कॉन्ट्रिब्यूशन्स’कडे, म्हणजे सभागृहात बोललेल्या मजकुराकडे, जावं. सुरुवातीची तारीख मे 2010 अशी स्वतः भरावी, नाहीतर जुनी भाषणं निसटू शकतात. 2024 पासून मतदारसंघाचं नाव वॉलसॉल अँड ब्लॉक्सविच झालंय, तेव्हा मतदारसंघावरून शोधणाऱ्याला अर्धीच कारकीर्द सापडेल.

सगळ्यात कसदार मजकूर आहे तो ऑक्टोबर 2016 ते मे 2021 या काळातला. व्हॅलरी वाझ तेव्हा ‘शॅडो लीडर ऑफ द हाउस’, म्हणजे सरकारच्या सभागृह नेत्यासमोर विरोधी पक्षाने उभा केलेला नेता, होत्या. पुढच्या आठवड्याचं कामकाज काय, हा ठरलेला प्रश्न बहुधा दर गुरुवारी विचारायचा आणि त्याच उभ्या दमात सरकारला टोचून घ्यायचं, असं ते पद. ‘बिझनेस ऑफ द हाउस’ या मथळ्याखाली हे सारं मिळतं. समोर आधी लिडिंग्टन, मग लेडसम, स्ट्राइड आणि रीस-मॉग. सरकारी बाजूचे चार सभागृह नेते बदलले, विरोधी बाकावर याच राहिल्या. हे ओळीने वाचलं तर ब्रेक्झिटच्या काळात सरकार सभागृहाला कसं टाळत होतं ते कुठल्याही चरित्रात्मक टिपणापेक्षा नीट कळतं.

वेगाबद्दल तक्रार नाही. भाषणानंतर साधारण तीन तासांत मजकूर येतो. मात्र तो शब्दशः नसतो: पुनरुक्ती काढलेली असते, उघड चुका दुरुस्त केलेल्या असतात. अडखळणं, सूर, हशा हवा असेल तर पार्लमेंट लाइव्हवरचं चित्रीकरण पाहावं लागतं.

आता उणिवा. सिलेक्ट कमिट्यांपुढच्या (एकेका खात्याच्या कामाची छाननी करणाऱ्या खासदारांच्या समित्यांपुढच्या) साक्षी हॅन्सर्डमध्ये नसतात, त्यांचं संकेतस्थळ वेगळं. व्हॅलरी वाझ यांची आरोग्य समितीतली वर्षं किंवा कीथ वाझ यांचं गृह समितीचं अध्यक्षपद (2007 ते 2016) इथे शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. विरोधी खासदार मंत्र्याला खरा घाम फोडतो तो बहुधा अशा बैठकांत, त्यामुळे ही उणीव मोठी आहे. लेखी प्रश्न सदस्याच्या पानावरून पाहावेत; पर्वरीतल्या गोवा विधानसभेचे एलएक्यू, म्हणजे आमदारांचे प्रश्न, वाचायची सवय असलेल्यांना ते लगेच उमगतील.

मतविभागणीची यादी वाचताना लोक हमखास चुकतात. यादीत नाव नाही म्हणजे दांडी मारली, असं नव्हे. विरुद्ध पक्षाच्या सदस्याशी ‘पेअरिंग’, म्हणजे दोघांनीही मत न देण्याचा समझोता, झालेलं असू शकतं, किंवा सदस्य मुद्दाम तटस्थ राहिलेला असू शकतो. यादी कारण सांगत नाही. मतं मोजणारे ‘टेलर’ एकूण आकड्यात धरत नाहीत, त्यांची नावं वेगळी असतात. आणि शॅडो कॅबिनेटमधल्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रति-मंत्रिमंडळातल्या, सदस्याचं मत बहुतेक वेळा व्हिपचंच असतं, त्यावरून वैयक्तिक भूमिका काढू नये.

उतारा द्यायचा तर तारीख, खंड आणि स्तंभक्रमांक तिन्ही द्या. संकेतस्थळाचा पत्ता उद्या बदलला तरी स्तंभ सापडतो.