कॅमेरा चांगला, बटण दगाबाज : हिंगणघाटकडच्या धुळीत वापरलेल्या डीएसएलआरचा अनुभव

या बॉडीचे (लेन्स सोडून बाकी कॅमेऱ्याचे) फोटोतले रंग, सेन्सर, बॅटरी यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चोवीस मेगापिक्सेल, अठरा-पंचावन्नची किट लेन्स, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी लिहितोय ते फक्त शटरच्या बटणाबद्दल. त्या बटणाने माझा लग्नाचा हंगाम नासवला, आणि नेमकं तेच बटण सोडून बाकी सगळं बदलायला सर्व्हिस सेंटर तयार होतं.

आमच्याकडे लग्नाचा फोटोग्राफर एकटाच असतो, मदतीला दुसरा कॅमेरा नसतो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं आणि कॅमेरा गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. क्लिक झाला तेव्हा हार घालून झाले होते. नवरीच्या वडिलांनी पैसे कापले नाहीत, पण अल्बम चाळताना विचारलंच, "हार घालतानाचा फोटू कुठी आहे, भाऊ?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पोळ्याला तोरण तुटलं तेव्हा पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात पोरं लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी होती, तर दुपारभर एकही क्लिक चुकला नाही. कायमचा बंद पडला असता तर सरळ दुरुस्तीला टाकला असता. अधूनमधून बंद पडणाऱ्या कॅमेऱ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही.

"फोटो निघत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी नीट बघा. लेन्स पुढेमागे फिरतेय, फोकस धरत नाही आणि म्हणून क्लिक होत नाही, तर तो बहुतेक वेळा बिघाड नसतोच. सिंगल ऑटोफोकसवर (एकदाच फोकस धरून थांबणाऱ्या सेटिंगवर) फोकस लागेपर्यंत कॅमेरा फोटो घेत नाही. अंधाऱ्या मांडवात, पांढऱ्या भिंतीसमोर किंवा फार जवळून असं होणारच. लेन्सवरची कळ मॅन्युअलवर करा. लगेच क्लिक झाला तर कॅमेरा ठणठणीत आहे. कार्डाच्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते. ती सैल झाली की कार्ड आत घालताना खाली सरकते आणि कार्ड लॉक असल्याची सूचना येते. लेन्सच्या सोनेरी पिना मळल्या तर स्क्रीनवर एरर येतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. स्क्रीन चालू, मेनू चालू, जुने फोटो दिसतायत, पण बटण अर्धं दाबलं तरी व्ह्यूफाइंडरमधले, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतले, आकडे उजळत नव्हते. फोकस तर फार पुढची गोष्ट.

हे लक्षण लक्षात ठेवा. हाफ-प्रेसवर (बटण अर्धं दाबल्यावर) उजेड मोजणारा मीटर जागा होत नाही, म्हणजे तुमचं बोट कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. शटर मेलं असतं तर निदान आकडे उजळले असते, फोकसचा बीप वाजला असता.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला हे सगळं सांगितलं. पहिल्या फेरीत त्यांनी एसीच्या खोलीत पाच-पन्नास फोटो काढले, कागदावर "बिघाड आढळला नाही" असं लिहिलं आणि तपासणीचे पैसे घेतले. दुसऱ्या फेरीत तोच कॅमेरा, तीच तक्रार, आणि एस्टिमेट साडेनऊ हजारांचं : शटर युनिट आणि टॉप कव्हर. शिवाय आत धूळ गेल्यामुळे ते वॉरंटीत बसत नाही म्हणे. शटर का, असं विचारलं तर "क्लिक होत नाही म्हणून". अशा बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात. माझा आकडा त्याच्या अर्ध्यालाही पोचला नव्हता. फोटोच्या फाइलमधून तो काढून दाखवला, कुणी बघितला नाही. साडेनऊ हजारांत आमच्याकडे एकराच्या वर कापसाची वेचणी निघते. मी कॅमेरा परत घेतला.

त्यानंतर जे केलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर नागपूरच्या फेऱ्या वाचल्या असत्या. साधा वायरचा रिमोट घेतला, चारशेच्या आत. रिमोटने दाबलं की दरवेळी फोटो, बटणाने दाबलं की कधी हो, कधी नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) स्क्रीनला बोट लावून काढला तरी दरवेळी फोटो. म्हणजे शटर, मिरर, बॅटरी, कार्ड, लेन्स सगळं निर्दोष. राहिलं एकच ते बटण.

त्या बटणाखाली पातळ पत्र्याचे दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की पहिला जुळतो, मीटर आणि फोकस चालू होतात. पूर्ण दाबलं की दुसरा जुळतो आणि फोटो निघतो. त्या पत्र्यांवर धूळ-घामाचा थर बसला की, पावसाळ्यात भिंतीवरचं लाइटचं बटण दोनदा दाबावं लागतं, तसं होतं. जोराने किंवा तिरकं दाबलं की लागतं. एसीच्या कोरड्या खोलीत बिघाड का दिसला नाही, याचंही मला हेच कारण वाटतं.

नागपुरातल्याच बर्डीवरच्या एका जुन्या कारागिराने वरचं झाकण माझ्यासमोर उघडलं. बटणाभोवती कापसाचे बारीक तंतू होते. हिंगणघाटला जिनिंगचे फोटो काढायला मी हिवाळाभर जातो. रुई उडत असते, ती शिरणारच. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रे पुसले, एक थकलेला होता तो बदलला आणि आठशे रुपये घेतले. बटणावर तेलाचा स्प्रे मारू नका, हे त्याने बजावून सांगितलं. तेल आत ओघळतं, धूळ धरून ठेवतं आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेपर्यंत जातं. बाहेर उघडलं की उरलेली वॉरंटी जाते, हे खरं. माझी संपतच आली होती.

मे महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर एकच तारा दिला असता. आज चार देतो. दुरुस्तीनंतरच्या हंगामात एकही क्लिक चुकला नाही, आणि हळदीच्या पिवळ्या उजेडातही या बॉडीइतका खरा त्वचेचा रंग मला या किमतीत दुसरीकडे मिळालेला नाही. पाचवा तारा बटणाच्या बांधणीसाठी कापला. हजारो वेळा बोट पडणाऱ्या जागेभोवती धूळ अडवणारी एक रबराची कडी द्यायला कंपनीला काय जड होतं? पुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते चाळीस अंश दिलंय. वर्ध्याचा मे पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि लग्नं त्याच दिवसांत असतात. हा कॅमेरा आमच्याकडे विकायचा असेल तर तो आमच्या हवेत टिकायला हवा.

तपासणीचे पैसे मात्र मी सोडले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. एकमेकांशी न जुळणारे सर्व्हिस सेंटरचे दोन्ही जॉबशीट (तक्रार आणि तपासणी लिहिलेले कागद) आणि बटण दाबूनही आकडे उजळत नसल्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ जोडला. पैसे परत आले, शटरबद्दल खुलासा आला नाही. खुलासा यायला हवा होता, कारण माझ्यासारख्या दुसऱ्या कुणी ते साडेनऊ हजार भरलेही असतील. एवढ्याने भागलं नसतं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. तेव्हा जॉबशीटवर लक्षण तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "फोटो निघत नाही" एवढंच लिहू देऊ नका. "हाफ-प्रेसवर मीटर चालू होत नाही, रिमोटवर सगळं चालतं" असं लिहायला लावा. एवढं वाचल्यावर शटरचं एस्टिमेट द्यायला ते कचरतील.

हीच बॉडी जुनी घेत असाल तर विकणाऱ्यासमोर बटण मधोमध आणि चारही कडांनी हलकं, सावकाश अर्धं दाबून बघा. व्ह्यूफाइंडरमधले आकडे दरवेळी उजळले पाहिजेत. एकदाही चुकले तर दुरुस्तीचे आठशे किमतीतून वजा करा, साडेनऊ हजार नाही.