युरेल ग्लोबल पास: जर्मनी-ऑस्ट्रियात सोनं, फ्रान्स-इटलीत हिशेब करूनच

"एकच पास काढला की सगळा युरोप रेल्वेनं फिरता येतो म्हणे?" संभाजीनगर, नांदेड, लातूरकडून युरोपला निघणारं जवळपास प्रत्येक कुटुंब हे विचारतं. येतो, 33 देशांत चालतो. पण पास म्हणजे जागा नव्हे, एवढं आधी पक्कं करा. आपल्याकडे देवगिरी एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं की गाडी, डबा, बर्थ सगळं त्यातच येतं. युरेलचा पास फक्त गाडीत चढायचा हक्क देतो. जागेचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे, आणि ते लागतं की नाही हे देशागणिक, गाडीगणिक बदलतं. पास परवडला की अंगावर आला, हे इथेच ठरतं.

पास दोन तऱ्हेचे. एक सलग दिवसांचा: 15 दिवस, 22 दिवस, 1 ते 3 महिने. दुसरा मोजक्या दिवसांचा, म्हणजे महिन्याभरात कोणतेही 4, 5 किंवा 7 दिवस, नाहीतर दोन महिन्यांत 10 किंवा 15. दोन-तीन आठवड्यांच्या सहलीला दुसराच घ्यावा, कारण रोज कोणी गाव बदलत नाही. 60 वर्षांवरच्यांना 10 टक्के सूट आहे, 27 वर्षांपर्यंतच्यांना त्याहून जास्त. 4 ते 11 वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसामागे फुकट, मात्र त्यांचाही पास मागवताना नोंदवावा लागतो. तो राहून गेला की ऐनवेळी पूर्ण तिकीट काढायची पाळी येते.

दुसऱ्या वर्गाचा 7 दिवसांचा पास 400 युरोच्या आतबाहेर धरा. म्हणजे प्रवासाचा एक दिवस पन्नास-साठ युरोला पडतो. आता मार्ग बघा. अॅमस्टरडॅम, कोलोन, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना असा प्रवास असेल तर पास बिनधास्त घ्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम इथल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. वाटेत कुठंही उतरा, दोन तास चर्च बघा, पुढची गाडी धरा. जर्मनीत तर याची फार गरज पडते. 2024 साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के वेळेवर पोचल्या, आणि तेही सहा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ धरून. रेल्वेचं अॅप 8 मिनिटांत गाडी बदलायला सांगतं, ते ऐकू नका. अर्धा तास ठेवा. गाडी चुकलीच तर पासवाल्याला नवं तिकीट काढावं लागत नाही. ही एक सोय पासच्या किमतीतला मोठा वाटा वसूल करून देते.

पॅरिस, बार्सिलोना, मिलान, रोम असा बेत असेल तर मात्र थांबा. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला पासवर साधारण 10 ते 20 युरो आरक्षण, इटलीच्या तशाच फ्रेच्चारोसाला 13 च्या आसपास, लंडन-पॅरिस युरोस्टारला 30 च्या वर. शिवाय युरोस्टार आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठी ठरावीक जागाच असतात. गाडी अर्धी रिकामी दिसत असली तरी पासवाल्यांचा कोटा संपलेला असू शकतो. अशा मार्गावर दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं काढली तर पुष्कळदा 20-30 युरोपासून मिळतात. तिथं पास घेणं म्हणजे पैसे देऊन वर पुन्हा पैसे देणं.

तरी पास हातात असेल तर आडवाटा आहेत. पॅरिसहून स्वित्झर्लंडला थेट टीजीव्ही न धरता पॅरिस एस्ट स्टेशनवरून मुलूझपर्यंत टीईआर ही प्रादेशिक गाडी घ्या आणि तिथून सीमेपलीकडचं स्वित्झर्लंडचं बाझल गाठा. वेळ जास्त लागतो, आरक्षणाचा एक पैसा लागत नाही. झ्युरिक-मिलान थेट गाडीला सीमा ओलांडताना आरक्षण हवं. सीमेअलीकडच्या लुगानोला उतरून टिलो या स्थानिक रेल्वेची मिलानकडची लोकल धरली की तेही वाचतं. स्वित्झर्लंडच्या डोंगरातून जाणाऱ्या बर्निना एक्स्प्रेसच्या काचेच्या डब्याला आरक्षण सक्तीचं, पण त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या लाल गाडीला नाही. डोंगर तोच दिसतो, आणि साध्या गाडीची खिडकी उघडत असल्यानं फोटोही चांगले येतात. युंगफ्राऊ शिखराकडे नेणारी डोंगरी गाडी मात्र पासात नाही. तिथं फक्त सवलत मिळते.

पास मोबाईलमध्ये, रेल प्लॅनर अॅपवर असतो. आडनाव आणि पास क्रमांक टाकून तो जोडायचा, मग पासपोर्ट क्रमांक भरून सुरू करायचा. प्रत्येक प्रवास शोधून आधी यादीत टाका, मग त्या प्रवासासमोरचं बटण सरकवून तो पासला जोडा. ही दुसरी पायरी बहुतेकांकडून राहते. प्रवास यादीत दिसतो म्हणून माणूस निवांत बसतो, आणि तपासनीस आला की क्यूआर कोड निघतच नाही. अशा वेळी दंड होऊ शकतो. प्रवासाचा दिवस चुकून सुरू केलात तर आदल्या रात्री 12 च्या आत रद्द करा, तेही युरोपच्या घड्याळानं. तीन दिवसांतून एकदा तरी अॅपला इंटरनेट मिळालं पाहिजे. आई-वडिलांचे पास मुलाच्या फोनमध्ये ठेवता येतात, पण मग सगळ्यांनी एकाच डब्यात बसावं.

एक गोष्ट आपल्याकडच्या कुटुंबांनी नीट वाचावी. मुलगा जर्मनीत नोकरीला आणि आई-वडील भेटायला गेलेले, असं आता घरोघरी आहे. आई-वडिलांना युरेल लागतो, तिथं राहणाऱ्या मुलाला इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास. आणि इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात एकदा बाहेर पडण्याचा आणि एकदा परत येण्याचाच प्रवास मिळतो. म्हणजे म्युनिकच्या मुलाला आईसोबत बर्लिन, हॅम्बुर्ग फिरवायला तो पास उपयोगाचा नाही.

व्हिसा हातात पडेपर्यंत आरक्षणं करू नका. बहुतेकांचे पैसे परत मिळत नाहीत. पास मात्र सुरू न केलेला असेल तर 15 टक्के कापून परत होतो. अट एवढीच की तो सेलमध्ये कमी किमतीत घेतलेला नसावा, म्हणून स्वस्त दिसला तरी खरेदी करताना ती ओळ वाचा. घेतल्यापासून 11 महिन्यांत तो सुरू करायचा असतो.

स्टेशनांची नावं गाडीत बसण्याआधी कागदावर लिहून घ्या. व्हेनिसला 'मेस्त्रे' आधी येतं, ते मुख्य भूमीवर आहे. पाण्यातल्या व्हेनिसला जायचं तर 'सांता लुचिया'. ब्रुसेल्सचं 'मिडी' आणि 'झाउड' हे एकच स्टेशन. बर्लिन-कोलोन मार्गावरच्या काही गाड्या हाम स्टेशनात दोन भागांत तुटतात, तेव्हा डब्याच्या दारावरची पाटी बघूनच चढा. डबा चुकला तर गाडी बरोबर असूनही दुसऱ्याच गावी पोचाल.

आणि शिदोरीत शेंगदाण्याची चटणी, पोळ्या खुशाल न्या. पण कुंथलगिरीचे पेढे आणि घरचं तूप घरीच ठेवा; युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात.